गुरुवारी चार वाजता विलिसोनी

सोमवार, ९ जुलै

विलिसोनी काल गेला. रविवारी, सकाळची प्रार्थना आटोपून लोक घरी पोचल्यावर आणि पानं वाढायच्या आधी. कुणाचीही गैरसोय होणार नाही अशी वेळ बघून मरणारा माणूस माझाच भाऊ असणार.

सकाळी पाद्री फिनाऊ आला. माझ्या वेताच्या खुर्चीत स्वतःला कोंबून बसला, दोन कप चहा प्याला आणि मग डोळे पुसले. चहा आधी, डोळे नंतर. म्हणाला, "लुसेआनेताई, शनिवारी चर्चमध्ये विलिसोनीचं जीवनचरित्र वाचायचं आहे. ते तुम्हीच लिहा. तुमच्यासारखी लेखणी गावात नाही."

तशी लेखणी नाही हे खरं आहे. सव्वीस वर्षं दर गुरुवारी चार वाजता रेडिओवर 'चटईवरच्या गप्पा' करते आहे. बायका विणकाम थांबवून ऐकतात आणि नवरे घाबरतात. पण लिहायचं काय? जन्मला, पोरांना हिशेब शिकवले, दुकानदारांच्या वह्या तपासल्या, दोन मुलं झाली, मेला. चार ओळींत संपेल. पाचवी लिहायची तर कल्पनेनं लिहावी लागेल.

"गावाचं फार प्रेम होतं त्यांच्यावर," पाद्री म्हणाला.

"गावाचं प्रेम तुमच्या डुकरांवरही आहे," मी म्हटलं. "मी लिहीन. पण मला वाटेल ते लिहीन."

त्यानं बरं म्हटलं. म्हणणारच. भावाच्या मयतात बहिणीच्या वर कुणाचा शब्द नाही, पाद्र्याचाही नाही. मी म्हटलं तर त्याचं घर रिकामं करून नेऊ शकते. तिकडे मेलेनाइते, म्हणजे त्याची बायको, आणि पोरं घाबरलेली असणार, की ही म्हातारी भर चर्चमध्ये काय वाचेल कोण जाणे. घाबरू देत.

कारण मला त्याच्याबद्दल एकच गोष्ट नक्की ठाऊक आहे. सत्तावन्न वर्षांत तो माझ्यासोबत एका खोलीत बसला नाही. मी आत आले की तो उठायचा आणि दुसऱ्या दारानं जायचा. मुलगी वयात आली की भावानं अंतर ठेवायचं, ही रीत मला ठाऊक आहे, मला कुणी शिकवू नये. पण माणसं रीत थोडी वाकवतात. माझ्या मैत्रिणीचा भाऊ नाताळात तिच्या शेजारी बसून डुकराचं मांस खातो आणि आभाळ कोसळत नाही. विलिसोनीनं कधी वाकवली नाही. मान मान म्हणत माणूस एवढा लांब जातो, तेव्हा त्याला मान म्हणत नाहीत, टाळणं म्हणतात.

मंगळवार, १० जुलै

त्याच्या घरी गेले. गावाच्या पार पाणथळ टोकाला घर बांधलंय शहाण्यानं. भरतीचं पाणी अंगणापर्यंत येतं, पत्र्याला गंज, पायऱ्यांना शेवाळ. लोकांच्या वह्यांतली चूक याला मैलावरून दिसायची, पण घरासाठी कोरडी जागा दिसली नाही.

अंगणात मांडव घातला आहे. नात्यानं खालची माणसं कमरेला मोठमोठ्या फाटक्या चटया बांधून राबताहेत, जेवढा मान कमी तेवढी चटई मोठी. मेलेनाइतेची चटई तर हनुवटीपर्यंत आली आहे, आतून नुसते डोळे दिसतात. मी माझी लहान, बारीक विणीची नेसले होते. मला आत सगळ्यांच्या वर बसवलं आणि पुढ्यात चटया, झाडाच्या सालीच्या कापडाच्या घड्या आणि निळ्या क्रीमचा एक तीन मजली केक आणून ठेवला. मयताला निळं क्रीम! वर साखरेचं बदकसुद्धा होतं. कुणाच्या तरी वाढदिवसाचा उरलेला असणार.

ऑकलंडहून त्याची मुलगी हेइलाला आली आहे. तिकडे नर्स आहे. नाव मीच ठेवलेलं, दोन्ही पोरांची नावं मीच ठेवली. आल्याआल्या माझ्या पायांशी बसली. रीतभात विसरलेली नाही, पण केस मात्र पुरुषासारखे कापले आहेत. माझं लिखाण तीच टाइप करून देणार आहे.

मेलेनाइतेला बोलावून घेतलं. "सांग काहीतरी त्याच्याबद्दल, लिहायला हवं."

"चहात तीन चमचे साखर घ्यायचे, वन्सं."

"हे चर्चमध्ये वाचू?"

"पोरांवर कधी हात उचलला नाही. आणि दर रविवारी भट्टी उघडली की पहिलं पान तुमचं बाजूला काढायचं, मग आमची."

ते पान मला ठाऊक आहे. अळूच्या पानात बांधून जमिनीतल्या भट्टीत शिजवलेलं मांस आणि नारळाचं दूध. छत्तीस वर्षं पोरांच्या हातून यायचं. मेलेनाइतेला आपला स्वयंपाक मिरवायची हौस, दुसरं काय. मीठ जास्तच असायचं. हंगामातली पहिली कोनफळंही तीच पाठवायची.

शेवटी मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "माझा कार्यक्रम ऐकायचा का?"

ती म्हणाली, "वन्सं, तुमचा आवाज लागला की ते घरात थांबत नसत." तेवढ्यात बाहेरून भट्टी उघडायला हाक आली आणि ती चटई सावरत धावली.

घ्या. सत्तावन्न वर्षं मला टाळलं ते ठीक. माझा आवाजसुद्धा घरात नको. लिहायला पाचवी ओळ मिळाली.

बुधवार, ११ जुलै

मी दिवसभर तिकडे असते हे ओळखून शेजाऱ्याच्या डुकरिणीनं माझी रताळी उकरली. तिलाही कुणीतरी कळवलेलं दिसतं.

आज त्याचे विद्यार्थी आले. दोनशे तरी असतील. तीस वर्षं कॉलेजात जमाखर्च शिकवला, त्यानंतर संध्याकाळी मंडईतल्या बायकांना फुकट. सगळे काळे कपडे घालून रांगेनं रडत आत. जमाखर्चाच्या मास्तरासाठी एवढं रडं मी तरी पाहिलं नव्हतं. संगीताचा मास्तर असता तर समजले असते.

सिआओसी नावाचा एक गलेलठ्ठ माणूस, बँकेत मोठा साहेब आहे म्हणे, हुंदके देत म्हणाला, "सर वर्गात खोडरबर आणू द्यायचे नाहीत. कुणाकडे सापडलं तर खिडकीतून बाहेर."

"का? खोडरबराचं वावडं होतं?"

"म्हणायचे, चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि आपल्या नावाचं अक्षर घालायचं, म्हणजे चूक कुणाची आणि दुरुस्त कुणी केली हे कळतं. खोडून टाकतो तो लपवतो."

वा. चुका जपून ठेवायला शिकवणारा मास्तर.

मग कालोलाइने आली, मंडईत टरबुजं विकणारी. मोठ्या आवाजाची बाई, मला आवडते. ती म्हणाली, "लुसेआनेताई, आमच्यातल्या कुणाला धड लिहिता येत नव्हतं. मास्तर दोन टोपल्या घेऊन बसायचे. एकीतून काढलं की दुसरीत पडलंच पाहिजे. म्हणायचे, जे कुठूनतरी निघालं ते कुठेतरी पोचतं, हरवत काही नाही, आपल्याला जागा सापडत नाही एवढंच." आणि ती टोपल्यांचे हातवारे करत रडायला लागली. सगळा मांडव रडला. मी टोपल्यांकडे बघत राहिले, म्हणजे नसलेल्या टोपल्यांकडे.

एक बरी गोष्ट हाती लागली. मागून कुणीतरी पोरगी म्हणाली, "गुरुवारी मात्र सर पावणेचारलाच सोडायचे. एकदा कॉलेज तपासायला साहेब आले होते तरी सोडलं. सायकलवर बसून गेले निघून."

म्हणजे हा शिस्तीचा पुतळा दर आठवड्याला कामचुकारपणा करायचा. आणि लोक रडताहेत. हे मी नक्की लिहिणार.

गुरुवार, १२ जुलै

आजचं कसं लिहू ते समजत नाही. झालं तसं लिहिते.

सकाळी मसुदा पुरा केला. चांगला झाला होता. दोन ठिकाणी मलाच हसू आलं. पाणथळीतलं घर, गुरुवारची पळवाट, माझा आवाज लागला की बाहेर, सगळं घातलं. आणि मधोमध हे: 'नवऱ्यानं टाकल्यावर मी माहेरी परतले तेव्हा माझ्या भावानं आठ दिवसांत बिऱ्हाड हलवलं. दीड वर्षाची मुलगी आणि पोटुशी बायको घेऊन तो पाणथळीत राहायला गेला, पण बहिणीसोबत एका छपराखाली राहिला नाही.' हे वाचलं की चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल, अशी माझी अपेक्षा होती.

दुपारी तिकडे जाऊन हेइलालाला दिलं. ती टाइप करू लागली. या ओळीवर थांबली.

"आत्या, ते घर कुणाचं होतं?"

"माझ्या वडिलांचं."

"आजोबांनंतर कुणाच्या नावावर?"

"विलिसोनीच्या. बायकांच्या नावावर आपल्याकडे जमीन होते का? कायदा काय बदलून आली आहेस ऑकलंडहून?"

"म्हणजे बाबांचं घर." ती टाइपरायटरवरच्या बोटांकडे बघत होती. "मग बाबा का गेले, आत्या?"

प्रश्न उद्धट होता. आत्याला असं विचारत नाहीत. मी बोटानं पुढची ओळ दाखवली. ती पुढे टाइप करू लागली, पण तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. माझ्यासमोर बोलता येत नाही म्हणून रडणं, हाही एक उद्धटपणाच.

चार वाजत आले. मी मयतात असल्यामुळे रेडिओवाले आज माझा जुना कार्यक्रम लावणार होते. खिडकीतल्या फळीवर त्यांचा रेडिओ आहे, आणि आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्याचं तोंड बाहेर अंगणाकडे आहे. घरातल्यांना पाठ दिसते. मी म्हणणार होते की हा मूर्खासारखा उलटा कुणी ठेवला.

पण त्याआधी मेलेनाइते स्वयंपाकाच्या छपरातून आली. हात कणकेचे, केसांत राख. दाराआड गुंडाळून ठेवलेली एक जुनी चटई काढली, बाहेर खिडकीखाली नेऊन उलगडली, कोपऱ्यावरचा चुरगळा पायानं सरळ केला. वर आली. खुंटीवरची कमरेची चटई, पुरुषाची, चर्चला जाताना नेसायची ती, काढून हातावर घेतली आणि वळली. द्यायला. आणि देण्यासारखं कुणी नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. मग खाली बसली. आवाज न करता बसली, ओझं खाली ठेवतात तशी.

"कुणासाठी?" मी विचारलं. मला वाटतं, माझा आवाज चढला होता.

"त्यांच्यासाठी, वन्सं. चार वाजायला आले ना."

"तूच म्हणालीस, माझा आवाज लागला की घरात थांबायचा नाही!"

"नाही थांबायचे. बहीण बोलत असताना त्याच खोलीत पाय पसरून कसं बसायचं, म्हणायचे. आणि तुम्ही बायकांच्या गोष्टी बोलता, ते भावानं आत बसून ऐकायचं नसतं. म्हणून मग बाहेर. भिंतीला पाठ लावून." तिनं ती चटई मांडीवर घेतली. "ही नेसूनच बसायचे. पाऊस असला की पत्र्याचा तुकडा डोक्यावर धरून. सव्वीस वर्षांत एक गुरुवार चुकवला नाही. तेइलालो बेटावर वह्या तपासायला जायचे तेव्हाही परतीची बोट गुरुवारी चारच्या आत पोचेल अशी धरायचे."

तेवढ्यात रेडिओवर कार्यक्रम लागला. माझाच आवाज, तोही बाहेरच्या रिकाम्या चटईला उद्देशून. आणि नेमका गेल्या वर्षीचा तो कार्यक्रम. माझं नशीबच तसलं. सगळ्या मांडवानं ऐकला:

"बायांनो, पुरुषांची एक जात असते. दुसऱ्याच्या दुकानातले डबे मोजून देतील, पण घरच्या माणसाला विचारणार नाहीत की बाई, जेवलीस का. असल्यांना काय म्हणायचं? मी म्हणते, काहीच म्हणू नका, नाहीतर वहीत लिहून ठेवतील!"

त्या वेळी सगळं गाव हसलं होतं. कुणावर बोलले ते सगळ्यांना कळलं होतं. बहिणीनं भावावर असं चारचौघांत बोलायचं नसतं. रीत मीच मोडली होती, आणि हशा मिळाला म्हणून मला काही वाटलं नव्हतं. आज कुणी हसलं नाही. कालोलाइने बटाटे सोलत होती, तिनं मान खाली घातली.

"हे त्यानं ऐकलं?" मी विचारलं.

"हो की."

"मग? काय म्हणाला?"

मेलेनाइतेनं डोळे मिटून आठवलं. "आत आले आणि म्हणाले, तिसऱ्या वाक्याला तिचा श्वास तुटला, छातीत कफ झालाय. लिंबाची पानं पाठव."

पानं आली होती. टोपली भरून. मी त्यांचा काढा केला, तीन दिवसांत खोकला गेला, आणि मी मैत्रिणीला सांगितलं की मेलेनाइतेला वाटतं मी म्हातारी झाले.

मी उठून खिडकीशी गेले. चटईच्या कडेनं गवत हिरवंगार आहे. तिच्या खाली, ती थोडी सरकली होती तिथे, गवत नाहीच. नुसती घट्ट झालेली माती, एका बसलेल्या माणसाएवढी.

हेइलालाच्या हातातून कागद घेतला आणि म्हटलं, "टाइप करू नकोस." घरी आले. चहा केला, प्यायले नाही.

शुक्रवार, १३ जुलै

दुपारी त्याला शवागारातून घरी आणलं. सालीच्या कापडावर ठेवलं आणि मला उशाशी बसवलं, जिथे माझी जागा आहे. लोक गात होते. बरं गात होते, फक्त फिनाऊ सगळ्यांच्या मागे एक ओळ ओरडत होता.

आम्ही एका खोलीत. तो उठून गेला नाही.

म्हातारा झाला होता. मला माहीतच नव्हतं. मी त्याला नेहमी पाठमोरा पाहिला, सत्तावन्न वर्षं, दारातून बाहेर पडताना. कानावर केस आले होते. उजव्या अंगठ्याला पेन्सिलीचा घट्टा.

शेवटचं समोरून पाहिलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मी तेरा. आई म्हणाली, विलिसोनी, तुझी चटई उचल, आजपासून तू मुलग्यांच्या झोपडीत. त्यानं चटई गुंडाळली, काखेत घेतली आणि विचारलं, "किती दिवस?" सगळी हसली. मी सर्वांत मोठ्यानं हसले. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. तो मोजणारा पोरगा होता, कोंबड्या मोजायचा, होड्या मोजायचा, त्याला खरंच आकडा हवा होता.

वीस हजारांच्या वर झाले, विलिसोनी. नेमके किती ते तुलाच ठाऊक असणार.

त्याचा मुलगा सितिवेनी सिडनीहून पोचला. माझ्यापुढे वाकून बसला आणि पुटपुटला, "आत्या, बाबांनी मागेच सांगून ठेवलंय. घर आता कायद्यानं माझ्या नावावर येईल, पण ते तुमचं आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय झाडाचा नीरफणससुद्धा काढायचा नाही."

मी म्हटलं, "बारीक झालायस. तिकडे बायको खायला घालत नाही का?"

घर त्याचं होतं. मी आले. बहीण घरात आली की भावानं तिथे राहायचं नाही. दोघांपैकी एकानं जायचं होतं, आणि मला जायला जागा नव्हती. हे त्या वेळच्या दीड वर्षाच्या हेइलालालासुद्धा समजलं असतं. मला सत्तराव्या वर्षी समजलं, आणि तेही त्या पोरीनं विचारल्यावर. मी माझ्यावर फार संतापले आहे. संताप मला येतो हे लोकांना माहीत आहे, पण आजपर्यंत तो नेहमी बाहेर जायचा.

शनिवार, १४ जुलै

दफन झालं.

चर्च भरून लोक बाहेर उभे होते. फिनाऊनं माझी ओळख करून द्यायला घेतली, गावाचा अभिमान वगैरे. मी म्हटलं, "बस आता, सगळे मला ओळखतात." त्याला खरंच बसावं लागलं.

माझ्याकडे टाइप केलेलं काही नव्हतं. तोच गुरुवारचा मसुदा नेला होता. मेलेनाइतेनं तो कागद ओळखला आणि तिनं मुलीचा हात धरला.

मी म्हटलं, "विलिसोनी वर्गात खोडरबर आणू द्यायचा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी जे लिहिलं होतं तेही वाचते आणि त्यावरची रेघही वाचते."

आणि वाचलं. 'माझ्या भावानं आठ दिवसांत बिऱ्हाड हलवलं.' रेघ. 'माझ्या भावानं आठ दिवसांत आपलं घर मला दिलं आणि स्वतः पाण्यात राहायला गेला.' 'गुरुवारी तो काम चुकवायचा.' रेघ. 'गुरुवारी तो चर्चची चटई नेसून बाहेर जमिनीवर बसायचा आणि मी त्याची टर उडवायची, ती ऐकायचा.' 'मेलेनाइतेच्या जेवणात मीठ जास्त असतं.' इथे मी रेघ मारली नाही, कारण ते खरं आहे. काही लोक हसले, मेलेनाइते हसली, चटईच्या आतून. मग 'माझा भाऊ मला टाळायचा.'

तिथे मला पुढचं वाचता येईना. सव्वीस वर्षं बोलून पोट भरते, आणि तिथे एक वाक्य निघेना. शेवटी मागून सिआओसी, तो जाडा बँकवाला, वर्गात म्हणावं तसं म्हणाला, "रेघ मारा, बाई."

"रेघ," मी म्हटलं आणि खाली बसले.

शेजारी काय लिहायचं ते लिहिलंच नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

नंतर मांडवात माझ्या पुढ्यात ढीग ठेवला, चटया, कापडं, सगळ्यांत वर त्यांच्या घरची चार पिढ्यांची बारीक विणीची चटई. हेइलालाच्या लग्नासाठी राखलेली. ती घ्यायचा मला हक्क आहे, आणि सोमवारी मी ती घेणार होते, हेही लिहून ठेवते. मी ढीग परत दिला. म्हटलं, दाराआडची ती जुनी चटई मला द्या.

मेलेनाइते म्हणाली, "ती नाही देणार, वन्सं."

मयताच्या बहिणीला नाही म्हणायचं नसतं. माझा शब्द मोडणारं माणूस या गावात आजवर निघालं नव्हतं, आणि निघालं ते हे हनुवटीपर्यंत चटईत बुडालेलं.

"बरं," मी म्हटलं. "राहू दे तुझ्याकडे."

केक मात्र घेतला. बदकासकट.

गुरुवार, १९ जुलै

रेडिओवाले म्हणाले, अजून एक आठवडा जुनाच लावू. मी म्हटलं, काही गरज नाही.

नेहमीसारखंच बोलले. विषय होता, मयताला निळा केक आणणाऱ्या माणसांचं काय करावं. बरेच फोन आले. भावाबद्दल एक शब्द बोलले नाही. बोलायचं नसतं, आणि आता तरी रीत पाळावी म्हटलं. फक्त सुरुवातीला माईक सरकवला तेव्हा तो किंचित खाली ठेवला, जमिनीवर बसलेल्या माणसाशी बोलताना मान वळते तेवढाच. तिथला मुलगा म्हणाला, बाई, आवाज नीट येणार नाही. मी म्हटलं, येतो.

परतताना पाणथळीतून आले. खिडकीखाली चटई घातलेली होती. तिच्यावर मेलेनाइते बसली होती, भिंतीला पाठ लावून, पाय जवळ घेऊन. मला बघून उठू लागली. मी हातानं बस म्हटलं.

"आज श्वास नीट होता, वन्सं," ती म्हणाली.

"तुला काय कळतं?"

"तुम्ही बोलायला लागलात की ते मला मोठ्यानं सांगत बसायचे ना. आता कुठे थांबली, आता कुठे दमली. सव्वीस वर्षं ऐकून येतंच थोडं." तिनं सरकून जागा केली. बायकांनी एका चटईवर बसायला कसली आडकाठी नाही. मी बसले. माती खरंच घट्ट आहे, आणि ओल वर येते. एवढी वर्षं याची पाठ कशी धरली नाही कोण जाणे.

घरी येऊन ही वही काढली. पेन्सिल घेतली. सोमवारच्या पानावर 'चार ओळींत संपेल' होतं, त्यावर एक रेघ मारली. 'त्याला मान म्हणत नाहीत, टाळणं म्हणतात' होतं, त्यावर मारली. शेजारी जागा सोडली, आणि आपलं अक्षर घातलं.

खालचं सगळं वाचता येतंय.